आज जोडीचं मन नव्हतं : पटाच्या बैलांविषयी बोलण्याची रीत

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे)हून आम्ही तिघं-चौघं देवळीच्या बाजूच्या एका गावात शंकरपट पाहायला गेलो होतो. तुरी काढून मोकळ्या केलेल्या वावरात धावपट्टी आखलेली होती आणि दोन्ही कडांना माणसांची भिंत उभी होती. ध्वनिक्षेपकावर जोडीचं नाव पुकारलं गेलं, झेंडी पडली आणि पांढऱ्या बैलांची एक जोडी सुटली. अर्ध्या अंतरापर्यंत ती इतकी सुरेख धावली की घड्याळाकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. मग डाव्या बैलाने अचानक मान वळवली आणि तो कडेच्या गर्दीकडे ओढू लागला. छकड्यावरच्या धुरकऱ्याने कासरा खेचला, उजव्या बैलाची लय तुटली, छकडा तिरपा झाला आणि जोडी पट्टीबाहेर गेली. वेळ बाद.

पुकारणारा म्हणाला, "जोडीनं आज मैदान पाहून घेतलं, मंडळी. पुढच्या खेपेला बघा." मालक बैलांना घेऊन आमच्या बाजूने परत आला तेव्हा कुणीतरी विचारलं, "काय झालं, भाऊ?" तो म्हणाला, "काई नाई. आज त्याचं मन नव्हतं." माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याला मी हळूच विचारलं, "काकाजी, हा बैल नेहमीच असं करतो का?" त्यांनी उत्तराला थोडा वेळ घेतला. "बैल लय गुणाचा हाये," ते म्हणाले. "फक्त लहरीचा हाये."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निदान दहा-बारा जोड्या बिघडल्या. कुणी सुटलीच नाही, कुणी मध्येच चालायला लागली, कुणी शेवटच्या टप्प्यात ढेपाळली. पण "बैल वाईट आहे" हे वाक्य मला एकदाही ऐकू आलं नाही. मराठीत ऐन वेळी दगा देणाऱ्या माणसाला 'अवसानघातकी' हा सणसणीत शब्द आहे. नेमकं तेच करणाऱ्या बैलाला मात्र तो कुणी लावत नव्हतं. तेव्हापासून मी पटावर, बैलबाजारात आणि दावणीपाशी कान देऊन ऐकत आलो आहे. भरवशाच्या नसलेल्या बैलाविषयी आपण काय बोलतो, ते कुणासाठी बोलतो आणि त्या बोलण्याचं बैलाला काय मिळतं, याचा हा आढावा.

पट, गवळाऊ आणि मधली सात वर्षं

बैलांच्या शर्यती महाराष्ट्रभर आहेत, पण त्यांची घडण जागोजागी वेगळी आहे. पुणे जिल्ह्यात घाट असतो. तिथे चार बैलांपुढे घोडीस्वार धावतो आणि धावेला 'बारी' म्हणतात. सातारा-सांगलीकडे एकाच वेळी अनेक छकडे सुटतात आणि गट, सेमी, फायनल अशा पायऱ्या असतात. आपल्या विदर्भात शंकरपट. हंगाम साधारण संक्रांतीच्या आगेमागे सुरू होतो आणि ऊन तापेपर्यंत चालतो. पुष्कळ ठिकाणी जोडी एकटीच धावते आणि तिचा सामना घड्याळाशी असतो. हे घड्याळ सेकंदाचा शंभरावा भागही मोजतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडतात आणि रात्री त्याच गावात नाटक रंगतं. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट लागतो. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेल्या त्या पटात बायकाही जोडी हाकतात.

वर्धा जिल्ह्याचं या खेळाशी असलेलं नातं रक्ताचं आहे, कारण गवळाऊ ही जात इथली आहे. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा मूळ पट्टा. रंगाने पांढरी ते राखाडी, चेहरा लांबट, अंग सडपातळ आणि चाल जलद. भोसल्यांच्या काळापासून जलद दळणवळणासाठी या बैलांचं नाव घेतलं जातं. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. गांधीजी सेवाग्रामला असताना १९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघ उभा राहिला. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने त्या कामाला दिले. म्हणजे बैल कसा पाळावा, त्याच्याशी कसं वागावं, याचा विचार या मातीत आधीपासून होत आला आहे. त्याच्याविषयी कसं बोलावं हा त्याच विचाराचा एक भाग आहे.

मध्ये हा खेळ थांबला होता. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यती या दोन्हींवर बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ साली प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले.

२०१४ ते २०२१ या सात वर्षांचा बोलण्याशी थेट संबंध आहे. त्या काळात वाढलेल्या गोऱ्ह्यांनी परवानगीचं मैदान पाहिलंच नव्हतं. पट पुन्हा सुरू झाले तेव्हा बैल नवे होते आणि घेणारेही नवे. चांगल्या बैलाची किंमत लाखांत गेली. 'लहरीचा' म्हणजे काय, हे जुन्या माणसाला न सांगता कळतं. शहरात नोकरी करणारा, हौसेपोटी जोडी घेणारा तरुण तो शब्द जसाच्या तसा घेतो. सौम्य बोलणं पूर्वी फक्त रीतभात होती. आज त्यावर पैसा आणि बैलाचं आयुष्य दोन्ही लटकलेलं आहे.

शब्दांच्या चार दावणी

ऐकलेलं सगळं मांडून पाहिलं तर हे बोलणं चार दावणींना बांधता येतं.

पहिली दावण मनाची. "मन नव्हतं", "लहरीचा आहे", "मनमौजी आहे", "त्याचं त्याचं चालते", "मूडमध्ये नाही". या शब्दांत बैलाला स्वतःचं मन आहे हे गृहीत धरलेलं असतं, आणि मला त्यांचं हेच सर्वांत जास्त आवडतं. पण जाणकाराला त्यातून नेमकी माहितीही मिळते. "आज मन नव्हतं" हे एका दिवसाबद्दल आहे. "लहरीचा" म्हणजे तीन पटांत एकदा जमेल आणि दोनदा हात चोळत बसाल. "त्याचं त्याचं चालते" म्हणजे कासऱ्याला दाद देत नाही. आणि "मानी आहे" याचा अर्थ त्याच्यावर तुतारी, म्हणजे टोचायची काठी, उगारली तर तो जागीच थांबेल, किंवा उलटेल.

दुसरी दावण वयाची. "अजून कच्चा आहे", "मैदान पाहिलं नाही", "दात जुळू द्या, मग बघा". बैलाचं वय दातांवरून सांगतात. दुधाचे दात असेपर्यंत तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की दात जुळले. आपल्याकडच्या जनावरांत पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण अडीच वर्षांच्या आसपास येते आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत तोंड पूर्ण होतं. त्यामुळे दोन दाती बैलाबद्दल "कच्चा आहे" म्हटलं तर ती खरी माहिती असते. दात जुळून दोन हंगाम झालेल्या बैलाबद्दल तेच म्हटलं, तर आता तो सुधारणार नाही, हे बोलणाऱ्याने आपल्याला मऊपणाने सांगितलेलं असतं.

तिसरी दावण जोडीची. "जोड जमली नाही", "उजव्यानं त्याले ओढलं", "धुरकरी नवा होता". पटात एकटा बैल धावत नाही. जुवाखाली दोघं असतात आणि छकड्यावर तिसरा. म्हणून दोष वाटून घ्यायला जागा असते आणि बहुतेक वेळा तो न्यायाने वाटला जातो. दोन बैलांच्या पावलात थोडा जरी फरक असला तरी हळू असलेल्या बैलाच्या खांद्यावर जू घासतं आणि वेगवान बैल तिरपा ओढतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, तिरपा गेलेलाच बैल चुकार. बिघाड दुसरीकडे असू शकतो. या दावणीचे शब्द मला सर्वांत उपयोगी वाटतात, कारण त्यातून पुढे काय करायचं ते कळतं: जोड बदलून बघा, बाजू बदलून बघा.

चौथी दावण नजरेची. "नजर लागली", "कुणाची तरी दीठ लागली", "दिवस बरा नव्हता". इथे दोष बैलाचा, मालकाचा, धुरकऱ्याचा असा कुणाचाच राहत नाही. भरल्या मैदानात हरलेल्या माणसाला मान खाली न घालता घरी जाता यावं, यासाठी गावाने ठेवलेली ही वाट आहे. हरलेल्या जोडीच्या मालकाला दुसऱ्या दिवशी त्याच लोकांत वावरायचं असतं, त्यांच्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं. ते मी समजू शकतो. पण धोकाही इथेच सर्वांत मोठा आहे. नजर काढली, काळा दोरा बांधला, की शोध थांबतो. बैलाच्या खुरात काही रुतलं आहे का, हे मग कुणी पाहत नाही.

या चारही दावणींच्या पलीकडे एक शब्द आहे, तो निरोपाचा. "पटाचा नाही, वावराचा आहे." बैल शर्यतीला चालत नाही हा निकाल यात आहे, पण सांगायची तऱ्हा अशी की त्याची लायकी कमी होत नाही. तो फक्त त्याच्या जागी जातो. आपल्या राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे न धावणाऱ्या बैलाला पुढची दहा-बारा वर्षं कुणीतरी सांभाळावंच लागतं. ट्रॅक्टरच्या दिवसांत वावरातलं काम कमी झालं असताना "वावराचा आहे" म्हणणारा माणूस ती जबाबदारी अंगावर घेत असतो. हे म्हणून तो खरोखर बैलाला वावरात ठेवत असेल, तर हा आपल्या भाषेतला फार सुंदर निरोप आहे. हे म्हणून पुढच्याच बाजारात त्याला उभा करत असेल, तर नाही.

अन् कौतुकाआड लपलेले शब्द वेगळेच. "तल्लख", "गरम", "पाणीदार". आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय दावणीलाही लागू आहे. शेजाऱ्याचा मारका बैल आपल्या दावणीला आला की तल्लख होतो. बैल बुजरा आहे, आवाजाला भितो, हेही "तल्लख"मध्ये बसतं. ऐकणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा: घरच्या पोराने त्याला पाण्यावर नेलं तर चालेल का? उत्तर देताना मालक थांबला, तर शब्दाचा अर्थ कळला.

बाजारात शब्दाला किंमत येते

पटावर मऊ बोलल्याने कुणी फसत नाही. बैलबाजारात तोच शब्द पैशावर पडतो. बाजारात अजूनही रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. विकणारा, घेणारा आणि दलाल यांच्याशिवाय आकडा कुणाला कळत नाही. मग इसार दिला जातो आणि "खोड निघाली तर आणून द्या" अशी तोंडी हमी मिळते. खोड या शब्दाचा अर्थ मात्र ज्याचा त्याचा असतो. मारणं ही खोड, बसणं ही खोड, जू टाकणं ही खोड. धाप लागणं खोडीत येत नाही, म्हणून ते सांगायची गरज कुणाला वाटत नाही.

इथे दोन वाक्यं जवळून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं: "उन्हाळ्यात जरा जपा, बाकी बैल सोनं आहे." लाळ्या-खुरकूत होऊन गेलेल्या काही जनावरांना त्या रोगाची एक खूण कायमची उरते. तोंडातल्या आणि खुरांतल्या जखमा भरून येतात, पण ऊन सोसत नाही. थोड्या श्रमाने धाप लागते आणि अंगावरचे केस दाट, राठ होतात. हिवाळ्याच्या बाजारात सकाळी असा बैल पाहिला तर काहीच कळत नाही. फेब्रुवारीच्या दुपारी, पटाच्या तिसऱ्या धावेला कळतं. "जरा जपा" हे वाक्य खोटं नाही. पण मधला रोग गिळून फक्त सल्ला पुढे केलेला असतो. घेणारा बैलाला दमाचा कच्चा समजतो, दम वाढवायला रोज जास्त पळवतो आणि ज्याला सावलीची गरज आहे त्याला आणखी उन्हात काढतो.

दुसरं: "सुरुवातीला पाय जरा धरते, चार पावलं चालला की मोकळा होते." मागच्या पायाची गुडघ्याची वाटी वर अडकली की बैल पाय ओढत, झटका देत चालतो. जनावर फिरलं की पुष्कळदा तो झटका कमी होतो. म्हणून विकणारा बैलाला बाजारात उभं करण्याआधी फिरवून आणतो. हेही वाक्य शब्दशः खरं आहे. या दुखण्यावर पशुवैद्यकाची छोटी शस्त्रक्रिया आहे आणि पुष्कळ बैल तिने सुधारतात. म्हणजे विकणाऱ्याने दोषाचं नाव घेतलं असतं तर बैलाचा उपचार झाला असता. नाव न घेतल्यामुळे तो नव्या मालकाकडे 'सुटायला आळशी' ठरतो.

पटावरचं सौम्य बोलणं आणि बाजारातलं सौम्य बोलणं यांच्यातली रेघ मला इथे दिसते. पटावर जे लपवायचं असतं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जोडी पट्टीबाहेर गेली हे हजार माणसांसमोर घडलं. त्यानंतरचा मऊ शब्द फक्त सल काढतो. बाजारात मात्र घेणाऱ्याने काहीच पाहिलेलं नसतं, आणि तिथे मऊ शब्द त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो.

ग्रेहाउंड आणि शर्यतीचे घोडे

ही अडचण एकट्या विदर्भाची नाही. जिथे जनावर पळतं आणि त्याच्यावर माणसाची इभ्रत किंवा पैसा लागतो, तिथे अशी भाषा तयार होते. इंग्लंडमध्ये २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड कुत्री धावली आणि तिथून त्या देशात या शर्यतींची लाट आली. ग्रेहाउंडचा बेभरवशीपणा वेगळ्या प्रकारचा असतो. काही कुत्र्यांना सशापेक्षा शेजारच्या कुत्र्याशी खेळण्यात किंवा भांडण्यात जास्त रस असतो. धावता धावता ती मान वळवतात. देवळीच्या बाजूला मी पाहिलेल्या त्या डाव्या बैलाने नेमकं हेच केलं होतं. मनापासून पाठलाग करणाऱ्या कुत्र्याला तिकडे 'अस्सल', 'प्रामाणिक' म्हणतात. ज्याला हा शब्द लावायचा नाही त्याच्याबद्दल गप्प राहिलं तरी ऐकणाऱ्याला कळतं.

ऑस्ट्रेलियात ही गोष्ट नियमात लिहिली गेली. तिथल्या नियमावलीत अशा कुत्र्याचा दोष 'पुरेशा निष्ठेने पाठलाग न करणे' अशा अर्थाच्या शब्दांत नोंदला जात असे. पहिल्यांदा असं झालं की कुत्र्याला २८ दिवस शर्यतीबाहेर ठेवतात आणि चाचणी दिल्याशिवाय परत घेत नाहीत. शब्द सभ्य आहे, पण त्याला तारीख आहे, मुदत आहे, परिणाम आहे. पुढच्या मालकाला तो कागदावर वाचता येतो.

घोड्यांच्या जगात टाइमफॉर्म या १९४८ साली सुरू झालेल्या ब्रिटिश प्रकाशनाने आणखी छोटी वाट काढली. जो घोडा ताकदीने चांगला पण स्वभावाने बेभरवशाचा, त्याच्या गुणांपुढे ते एक नागमोडी चिन्ह छापतात. अशी दोन चिन्हं आली की समजावं, या घोड्याला गुण देण्यातच अर्थ नाही. ना शिवी, ना उपदेश, एक खूण. शेरे लिहिणारे पुन्हा सौम्यच लिहितात: याची स्वतःची मतं आहेत, याला समजून घ्यावं लागतं. पण खूण छापलेली असल्याने त्या सौम्यपणाने कुणी फसत नाही.

आपल्या पटाकडे यातलं काय आहे? सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मोजणारं घड्याळ आहे. जोडी धावली तर तिची वेळ लिहिली जाते. जोडी का धावली नाही, हे मात्र कुठेच लिहिलं जात नाही. ते फक्त बोललं जातं आणि संध्याकाळी धुळीबरोबर खाली बसतं.

बैलाच्या बाजूने

आता मुख्य प्रश्न. बैलाला यातून काय मिळतं?

गाय-बैल ही शिकार होणाऱ्या जनावरांची जात आहे. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मागचा थोडा भाग सोडला तर जवळपास चहूकडचं त्यांना दिसतं. खोली मात्र नीट कळत नाही. जमिनीवरची काळी सावली त्यांना खड्ड्यासारखी वाटू शकते, फडफडणारं कापड किंवा उन्हात चमकणारा पत्रा त्यांना अडवतो. हे लक्षात घेऊन पटाकडे पाहा. दोन्ही बाजूंना माणसं, हातातले मोबाइल, रंगीत उपरणी, ध्वनिक्षेपकाची भोंगी. तिथे बैल मान वळवतो, थबकतो, बाजूला ओढतो, तेव्हा तो आपल्या जातीच्या शहाणपणाने वागत असतो. त्याने कुणाला कधी शब्द दिला नव्हता. त्यामुळे त्याने दगा दिला असं म्हणताच येत नाही.

म्हणूनच कठोर शब्द मला फक्त असभ्य वाटत नाही, तो चुकीचाही आहे. "कामचोर", "आळशी", "हरामी" हे शब्द बैलाच्या वागण्याचं कारण त्याच्या नियतीत शोधतात. आणि नियतीवर उपाय म्हणून माणसाच्या हाताला तुतारीची आर सापडते, शेपटी पिरगाळली जाते, त्याहूनही वाईट प्रकार होतात. "मन नव्हतं" म्हणणारा माणूस मन कशाने गेलं असेल, या प्रश्नाच्या निदान दारापर्यंत येतो.

शर्यतींना विरोध करणाऱ्यांचं म्हणणं याहून पुढचं आहे आणि ते टाळून हा आढावा पूर्ण होणार नाही. २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की बैल शरीराने धावण्याच्या खेळासाठी घडलेला नाही आणि तो पळतो ते भीतीने आणि वेदनेने. या बाजूने पाहिलं तर "मन नव्हतं" यातला "मन" हा शब्दच खोटा ठरतो. मन असतं तर तो धावलाच नसता. २०२३च्या घटनापीठाने कायदे वैध ठरवले, तेही छळ रोखणारे नियम नीट पाळले जातील या भरवशावर. आपल्याकडचे नियम कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, धाव १००० मीटरपेक्षा लांब नको, बैलाच्या प्रकृतीचा पशुवैद्यकाचा दाखला हवा, काठी, चाबूक, खिळा, विजेचा झटका यांना मनाई. नियम मोडले तर दंड ५ लाख रुपयांपर्यंत आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत जाऊ शकते.

मला या आक्षेपाचं उत्तर शर्यतीच्या बाजूने द्यायचं नाही, भाषेच्या बाजूने द्यायचं आहे. बैलाला मन आहे असं आपण तोंडाने म्हणतो, तर त्या मनाचा नकारही ऐकायला हवा. तीन वेळा मन नसलेल्या बैलाला चौथ्यांदा जुंपणाऱ्याने तो शब्द वाया घालवला. "आज मन नव्हतं" हे वाक्य प्रामाणिक असेल तर "आज जुंपत नाही" हे त्याचं पुढचं वाक्य असायला हवं.

आपल्या परंपरेत याला आधार आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपण बैलाचे खांदे मळतो, तूप-हळद लावतो, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतो. सिंदी (रेल्वे)च्या तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन येणारं लेकरू बैलाला नमस्कार करायला आधी शिकतं आणि हाकायला नंतर. पोळ्याच्या दिवशी बैलाला जू नाही, काठी नाही. खांदे मळणं हा फक्त विधी नसतो. बोटांनी खांदा चाचपताना जुवाने आलेली सूज, घासलेली कातडी, गरम लागणारी जागा हाताला कळते. वर्षभराच्या कामाची ती तपासणी आहे. आपल्या पूर्वजांनी मायेचा शब्द आणि तपासणारा हात एकाच संध्याकाळी, एकाच कृतीत ठेवले.

तोंडात मऊ, कागदावर नेमकं

सावंगीत राहणाऱ्या माणसाला हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. इथे मोठं रुग्णालय आहे, विदर्भातल्या खेड्यांतून आणि पलीकडच्या तेलंगणातूनही माणसं येतात. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर नातेवाईक एकमेकांना सांगत असतात: "बरं आहे", "थोडं जड आहे", "देवाच्या हातात आहे". कुणी आजाराचं नाव घेत नाही, आणि घेऊही नये. पण आत रुग्णाच्या कागदावर आजाराचं नाव नेमकं लिहिलेलं असतं, कारण औषध त्या नावाला द्यायचं असतं. एकाच माणसाविषयी दोन भाषा एकाच वेळी चालतात आणि दोन्ही खऱ्या असतात. मऊ भाषा माणसं सांभाळते, नेमकी भाषा शरीर सांभाळते. एकीने दुसरीची जागा घेतली तरच घात होतो.

पटाला हीच व्यवस्था हवी. ध्वनिक्षेपकावर "जोडीनं आज मैदान पाहून घेतलं" हेच म्हणावं. ते म्हणणाऱ्याचा मला आदर वाटतो. पण मंडळाच्या वहीत, बैलाच्या कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकापुढे, कोणत्या तारखेला जोडी डावीकडे ओढली, कोणता बैल धाप टाकत होता, कोणता सुटायला नाही म्हणत होता, हे दोन ओळींत लिहिलं जावं. पशुवैद्यकाने दाखला देताना ती वही पाहावी. बैल विकला तर त्या नोंदीची नक्कल नव्या मालकाच्या हाती जावी. मग रुमालाखाली भाव कितीही ठरो, बैलाचं दुखणं रुमालाखाली राहणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक वही, एक पेन आणि मंडळाचा निश्चय पुरतो.

आणि शब्द कोणता वापरावा, याची कसोटीही फार सोपी आहे. शब्द बोलून झाल्यावर हात बैलाकडे गेला का, ते पाहावं. "जोड जमली नाही" म्हणून कुणी जुवाची उंची मोजली, "मन नव्हतं" म्हणून कुणी खूर उचलून पाहिला, "कच्चा आहे" म्हणून कुणी त्याला एक हंगाम मोकळा दिला, तर तो शब्द खरा. बोलून झाल्यावर हात खिशात गेला, तर तो शब्द कितीही गोड असो, बैलाच्या कामाचा नाही.

त्या दिवशी देवळीच्या बाजूच्या पटावरून परतताना गाड्या उभ्या होत्या तिकडून मी गेलो. तो मालक बाभळीच्या सावलीत होता. दोन्ही बैल मोकळे, पुढे कडबा टाकलेला. तो डाव्या बैलाच्या अंगाला रेलून उभा होता आणि उजव्या हाताची बोटं बैलाच्या खांद्यावरून, जिथे जू टेकतं तिथून, सावकाश फिरवत होता. एका जागी बोटं थांबली. बैलाने कातडी थरथरवली. त्याने पुन्हा तिथेच, आणखी हलक्या हाताने दाबलं. मग पोराला हाक मारून म्हणाला, "हे पाय, इथं आलंय. मले सकाळीच दिसायला पायजे होतं." आणि पुढे बैलाच्या कानाशी काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत त्या जोडीचं नाव होतं. पुकारणाऱ्याने ते घेतलं, थोडं थांबला आणि म्हणाला, "ही जोडी आज आराम करते." मैदानात कुणीही हसलं नाही.